मधली शर्यत टाळून ताज्या दमानं आलेला घोडा : अन्याय की रीत?

पागेवाला

परवा रात्री कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर एका मित्राशी वादाला तोंड फुटलं. दूध संपलं, कट्ट्यावरच्या म्हशी घरी गेल्या, वाद तसाच राहिला. म्हणून इथं धागा काढतोय. पैसे लावण्याबद्दल हा धागा नाही, कृपया कुणी टिप मागू नये. माझ्या टिपेवर माझा सख्खा मेहुणासुद्धा विश्वास ठेवत नाही.

विषय अमेरिकेतल्या ट्रिपल क्राउनचा. तीन वर्षांच्या घोड्यांसाठी तीन शर्यती असतात. मेच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी, दहा फर्लांग, म्हणजे साधारण २०१२ मीटर. दोन आठवड्यांनी बाल्टिमोरला प्रीकनेस, साडेनऊ फर्लांग. तिथून तीन आठवड्यांनी न्यूयॉर्कला बेलमॉन्ट, बारा फर्लांग. पाच आठवड्यांत तिन्ही मारल्या तर मुकुट. १९१९ पासून आजवर १३ घोड्यांना जमलंय.

२०२५ ला काय झालं बघा. डर्बी सॉव्हरेन्टी नावाच्या घोड्यानं मारली, जर्नलिझम दुसरा आला. सॉव्हरेन्टीच्या ट्रेनरनं, बिल मॉटनं, सरळ सांगून टाकलं की आम्ही प्रीकनेस पळणार नाही, घोड्याला विश्रांती देणार. म्हणजे मुकुटाचा विषय मेमध्येच संपला. जर्नलिझम प्रीकनेसला गेला, शेवटच्या वळणानंतर दोन घोड्यांच्या मध्ये चेंगरला, तरी बाहेर पडून घोड्याच्या अर्ध्या लांबीनं जिंकला. ती शर्यत सापडली तर जरूर बघा. मग बेलमॉन्टला पुन्हा दोघं समोरासमोर. सॉव्हरेन्टी ताजा, जर्नलिझम पाच आठवड्यांतली तिसरी शर्यत पळणारा. सॉव्हरेन्टी तीन लांबींनी जिंकला. त्या वर्षी तिन्ही शर्यती पळालेला घोडा एकच, जर्नलिझम, आणि त्याच्या पदरात एक.

मित्राचं म्हणणं असं की ही सरळ लबाडी आहे. जो तिन्ही पळाला नाही त्याला तिसऱ्या शर्यतीत उतरूच देऊ नये.

मला हे पटत नाही. कारण या तिन्ही शर्यती कुणी मालिका म्हणून आखलेल्याच नव्हत्या. बेलमॉन्ट सुरू झाली १८६७ ला, प्रीकनेस १८७३ ला, डर्बी १८७५ ला. तीन गावं, तीन क्लब, तिघांची तोंडं तीन दिशांना. १९१७ आणि १९२२ या दोन वर्षी तर डर्बी आणि प्रीकनेस एकाच दिवशी झाल्या! त्या वर्षी मुकुट कुणी जिंकायचा, अर्धा घोडा इकडं आणि अर्धा तिकडं? काही वर्षी प्रीकनेस डर्बीच्या आधी व्हायची. 'ट्रिपल क्राउन' हे नाव १९३० च्या सुमारास पत्रकारांनी रुजवलं. १९१९ चा सर बार्टन, यादीतला पहिला, त्याच्या डोक्यावर हा मुकुट कितीतरी वर्षांनी मागाहून ठेवला गेला. तो बिचारा डर्बीनंतर चौथ्याच दिवशी प्रीकनेस पळाला होता. बरं, डर्बी हा त्याच्या आयुष्यातला पहिला विजय. त्याआधी तो एकही शर्यत जिंकला नव्हता.

तर माझं म्हणणं : मुकुट हे बघणाऱ्यांनी घातलेलं नाव आहे. बेलमॉन्ट ही बेलमॉन्ट आहे. तिथं येणाऱ्यानं ताजं यायचं की दमून, हा त्याचा प्रश्न. बोला.

---

गण्या_गंगावेस

कट्ट्यावरचा तो मित्र मीच. दूध पण मीच पाजलं, हे लिवायचं राहिलं का भावा?

आणि 'सरळ लबाडी' न्हवतो म्हणालो, 'बारीक लबाडी' म्हणालो.

---

लाल माती

पागेवाले, तुम्ही इतिहास चांगला सांगितलात पण मुद्द्याला बगल दिलीत. नाव मागाहून पडलं म्हणून काय झालं? आता तर पडलंय ना. आज त्या नावावर शंभर वर्षं उड्या मारतायत, तिकिटं विकतायत. मग नियमही नावाला साजेसे करा.

मी तालमीतला माणूस आहे, घोड्यातलं मला कळत नाही. पण दम म्हणजे काय ते कळतं. खासबागेत मैदान असतं तेव्हा जोड्या आधी ठरतात. अमक्याची तमक्याशी, इतक्या इनामाची. दोघंही सकाळपासून ताजे, एकच कुस्ती, हिशोब साफ. महाराष्ट्र केसरीला वेगळी रीत. गादी विभाग वेगळा, माती विभाग वेगळा, दोन्हीकडं फेऱ्या मारत मारत दोघं वर येतात आणि मग किताबाची कुस्ती त्या दोघांत. तिथंही हिशोब साफ, कारण दोघांच्याही अंगावर फेऱ्यांची माती आहे. आता विचार करा, एक पैलवान चार फेऱ्या काढून वर आला आणि समोर असा गडी उभा केला जो घरी दूध-बदाम खाऊन झोपून आला. मैदानात लोक दगड मारतील.

नरसिंग यादवनं २०११, १२, १३ असा तीन वर्षं सलग महाराष्ट्र केसरी मारला, मग विजय चौधरीनं पुढची तीन. पण दरवर्षी त्यांच्यासमोर जो आला तो त्याच वर्षीच्या फेऱ्या काढून आला होता. तुमच्या घोड्यांत ही अट नाही, म्हणून मला तो मुकुट अर्धा वाटतो.

---

पागेवाला

लाल माती, दगड मारण्याचा मुद्दा मान्य. तुमच्यासारखंच एक माणूस टीव्हीवर ओरडून बोलला होता, स्टीव्ह कोबर्न. २०१४ ला त्याच्या कॅलिफोर्निया क्रोमनं डर्बी आणि प्रीकनेस मारली. आठ हजार डॉलरला घेतलेल्या घोडीचं शिंगरू, त्या जगात ही भाजीपाल्याची किंमत. अख्खा देश त्याच्या मागं. बेलमॉन्टला टोनॅलिस्ट आला. तो ना डर्बी पळाला होता ना प्रीकनेस. जिंकून गेला. क्रोम बरोबरीत चौथा. त्या वर्षीही तिन्ही शर्यती पळालेले घोडे तीनच. कोबर्ननं कॅमेऱ्यासमोरच हा पळपुटेपणा आहे असं सुनावलं, दोन दिवसांनी माफी मागितली.

मला त्याचा राग समजतो. पण क्रोमचा खूर सुरुवातीलाच शेजारच्या घोड्याच्या पायाखाली आला होता, उजव्या पुढच्या पायाला जखम होती, हे कुणी बोलत नाही. ताज्या घोड्यानं हरवलं असं म्हणायला जास्त बरं वाटतं.

आणि पुढचं वर्ष बघा. २०१५. अमेरिकन फॅरोआ. बेलमॉन्टला आठ घोडे, त्यात तिन्ही शर्यती पळालेला हा एकटा. बाकी बहुतेक डर्बी पळून मधली सोडून आलेले, विश्रांती घेतलेले. तुमच्या भाषेत सगळे दूध-बदाम खाऊन आलेले. साडेपाच लांबींनी हरवलं सगळ्यांना. ३७ वर्षांनी मुकुट. ताज्या घोड्यांना बंदी असती तर त्याला एकट्यालाच धावावं लागलं असतं, समोर कुणी नाही. असा मुकुट कुणी डोक्यावर घेईल का?

---

आजरा घनसाळ

मी बैलगाडीवाला, तेव्हा बैलाच्या बाजूनं बोलतो.

आमच्याकडं ओपनचं मैदान असलं की सकाळी गट पळतात. गटात पहिला आला तो सेमीला, सेमीत पहिला आला तो फायनलला. एकाच दिवसात बैल तीनदा पळतो. संध्याकाळी फायनलच्या वेळी बैलाच्या तोंडाला फेस असतो, पण फेस सगळ्यांच्याच तोंडाला असतो. कुणी थेट फायनलला गाडी जुंपून आला तर झेंडा पंच त्याला शिवारातनं बाहेर काढंल.

म्हणून लाल मातीदादांचं बरोबर आहे. फेरी म्हणजे फेरी.

पण पागेवालेदादांचं पण एक बरोबर. आमचं फायनल ही वेगळी शर्यत नसते, तिला गट-सेमीशिवाय अर्थ नाही. त्यांच्या तिन्ही शर्यतींना आपापली ढाल, आपापलं बक्षीस. मग त्या तीन वेगवेगळ्या जत्रांसारख्या झाल्या. एका बैलानं एका हंगामात तीन मोठ्या जत्रा मारल्या तर आम्ही पण कौतुक करतो, पण तिसऱ्या जत्रेला दुसऱ्या गावचा बैल घरून ताजा आला म्हणून आरडत नाही.

दोन्ही बाजूंनी बोललो. आता दोघांनीही शिव्या द्या.

---

लाल माती

शिव्या नाही देत. जत्रेचा मुद्दा डोक्यात राहिला. पण जत्रा तीन असतील तर 'मुकुट' म्हणू नका, 'तीन जत्रा' म्हणा.

---

डॉ. खूर

जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं 'दम' या शब्दाबद्दल. तुम्ही सगळे दम एकाच अर्थानं वापरताय.

थरोब्रेड घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलोचा. पळायला लागला की त्याची प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. रक्त अक्षरशः दाट होतं, म्हणून तो त्या वेगानं पळू शकतो. शर्यतीत स्नायूंतली साखर संपते ती भरून यायला दोन-तीन दिवस लागतात, माणसापेक्षा जास्त. पण दोन आठवडे त्याला भरपूर झाले. म्हणजे 'दमला' या अर्थानं घोडा प्रीकनेसच्या दिवशी दमलेला नसतो.

खरा प्रश्न हाडांचा. तीन वर्षांचं जनावर अजून पक्कं झालेलं नसतं. वेगानं पळताना पायाच्या नळीच्या हाडाला बारीक इजा होतात, त्या भरून येताना हाड मजबूत होतं. मात्र भरून यायला वेळ द्यावा लागतो. आजचे ट्रेनर दोन शर्यतींत महिना, कधी त्याहून जास्त अंतर ठेवतात, त्यामागं हे कारण आहे. जुन्या काळी घोडे सारखे पळत. सायटेशन १९४८ ला, म्हणजे मुकुट जिंकला त्याच वर्षी, वीस वेळा पळाला आणि १९ वेळा जिंकला. आज एखादा घोडा अख्ख्या आयुष्यात वीसदा पळत नाही. आजचे घोडे पैदास करताना वेगासाठी निवडले, लवकर तयार होण्यासाठी निवडले, टिकण्यासाठी नाही. मग पाच आठवड्यांत तीन शर्यती हे जुन्या घोड्याच्या मापानं शिवलेलं जीन आजच्या पाठीवर घालतो आपण.

अजून एक. बेलमॉन्टचे बारा फर्लांग. अमेरिकेतला घोडा हे अंतर त्याआधी कधी पळालेला नसतो आणि त्यानंतरही बहुधा पळत नाही. त्यामुळं तिथं हरणारा प्रत्येक घोडा थकून हरतो असं नाही. पुष्कळ घोडे अंतराला हरतात. ताजा असता तरी हरला असता.

---

पागेवाला

डॉक्टर, ही अंतराची गोष्ट मी धाग्यात लिहायला पाहिजे होती. १९७८ ते २०१५ या दरम्यान १३ घोडे डर्बी आणि प्रीकनेस मारून बेलमॉन्टपाशी अडले. त्यांत एक तर आदल्या दिवशी स्नायुबंधाच्या दुखापतीनं बाहेर, २०१२ चा आय'ल हॅव अनदर. १९९८ चा रिअल क्वाएट नाकाच्या टोकाएवढ्या फरकानं हरला. २००४ ला स्मार्टी जोन्स, तोपर्यंत एकदाही न हरलेला, शेवटच्या फर्लांगात बर्डस्टोननं गाठला. आणि बर्डस्टोन डर्बी पळून प्रीकनेस सोडून आलेला होता, गण्या, हे तुझ्या बाजूनं लिहितोय, नोंद घे.

उलट्या बाजूला १९७३. सेक्रेटेरिएट. २ मिनिटं २४ सेकंद, ३१ लांबींनी. त्या दिवशी मागचे ताजे होते की शिळे याची चौकशी कुणी केली नाही, कारण ते चित्रातच नव्हते. आणि १९७८ चा अफर्म्ड. त्याच्यामागं तिन्ही शर्यतींत दुसरा आला तो अ‍ॅलिडार. बेलमॉन्टला दोघं अर्धा मैल गळ्यात गळा घालून पळाले, अफर्म्ड डोक्याएवढ्या फरकानं जिंकला. दोघंही तिन्ही पळालेले. लाल माती, तुम्हाला हवी ती कुस्ती हीच.

---

कसबा बावडा एक्स्प्रेस

लोकहो, उपाय साधा आहे. गुण द्या. आपल्या पेठांच्या फुटबॉलला लीग असते ना, शाहू स्टेडियमवर हंगामभर गुण गोळा करायचे आणि मग कोण वरचढ ते ठरतं. एखाद्या सामन्याला आलाच नाहीस तर गुण शून्य. तिन्ही शर्यतींना पहिल्याला पाच, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. जो मधली टाळेल तो आपोआप मागं पडेल. अन्याय खल्लास. एवढ्या मोठ्या देशाला हे सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

(आमच्या तालमीला एका वर्षी गुणांवर कसं गंडवलं गेलं ते वेगळ्या धाग्यात सांगेन. नाव घेणार नाही. रक्तदाब वाढतो.)

---

पागेवाला

बावडेकर, सुचलं होतं की! आणि नेमके तुम्ही म्हणता तेच पाच-तीन-एक.

१९८७ पासून क्रायस्लर मोटार कंपनीनं बोनस ठेवला. तिन्ही जिंकल्या तर ५० लाख डॉलर. कुणी तिन्ही जिंकल्या नाहीत तर तिन्ही पळालेल्यांत ज्याचे गुण जास्त त्याला १० लाख. पहिल्याच वर्षी काय झालं ऐका. अलीशीबानं डर्बी आणि प्रीकनेस मारली, बेलमॉन्टला चौथा. म्हणजे दहा गुण. बेट ट्वाइस दोन्हीकडं दुसरा आणि बेलमॉन्टला पहिला, तीन अधिक तीन अधिक पाच, अकरा. दोन शर्यती जिंकणारा मागं, एक जिंकणारा दहा लाख घेऊन घरी. आता सांगा, खरा कोण?

२०२५ ला हेच गणित लावलं तर सॉव्हरेन्टी दोन जिंकून दहा, जर्नलिझम एक जिंकून अकरा. गण्या खूश होईल. पण त्या दोघांना समोरासमोर दोनदा बघितलेल्या माणसाला विचारा कोणता घोडा चांगला, तो जर्नलिझम म्हणणार नाही.

आणि या गुणांचा शेवट वाईट झाला. १९९३. प्रेअरी बायू प्रीकनेस जिंकून बेलमॉन्टला आला होता. शर्यतीतच पुढचा पाय मोडला, तिथंच त्याला कायमचं झोपवावं लागलं. मग तिन्ही शर्यती पूर्ण केलेल्यांत सगळ्यांत जास्त गुण ठरले सी हिरोचे. डर्बी जिंकलेला, पण प्रीकनेसला पाचवा, बेलमॉन्टला सातवा. दहा लाख त्याला. त्याचे मालक पॉल मेलन यांनी ती रक्कम घोड्यांच्या संशोधनासाठी देऊन टाकली. ती बक्षिसाची पद्धत त्यानंतर चालली नाही.

म्हणजे गुण दिले की 'मधली टाळू नका' असं तुम्ही मालकाच्या खिशाला सांगता. आणि पाय मात्र घोड्याचे.

---

रंकाळ्याची भेळ

इतका वेळ वाचत होते. कोण चांगला, कोण लबाड, कुणाचा मुकुट अर्धा. त्या प्रेअरी बायूच्या परिच्छेदावर जरा थांबाल की नाही सगळे? सॉव्हरेन्टीच्या ट्रेनरनं घोड्याला विश्रांती दिली तर त्याला तुम्ही टाळणं म्हणताय, चुकवणं म्हणताय, गण्या तर लबाडी म्हणतोय. शीर्षकातसुद्धा 'टाळून' आहे. घरातल्या कुणाला डॉक्टरनं महिनाभर विश्रांती सांगितली आणि त्यानं ती घेतली तर आपण काय म्हणतो?

---

गण्या_गंगावेस

बारीक लबाडी म्हणालो ताई. पण तुमचा मुद्दा लागला. शब्द मागं घेतो, दुधाचे पैसे न्हाई.

---

लाल माती

ताई, थांबलो. खरं सांगायचं तर मी पण थांबायला पाहिजे होतं त्या ठिकाणी. तालमीत गुडघा गेलेल्या पोराला वस्ताद कुस्ती नाकारतो तेव्हा आम्ही वस्तादाला भित्रा म्हणत नाही.

पण मग एक करा. अंतर वाढवा. पाच आठवड्यांऐवजी तीन महिने घ्या. सगळे ताजे, सगळे तिन्ही पळतील, माझीही तक्रार संपली, ताईंचीही.

---

पेठेतला पुणेकर (मूळचा शाहूपुरीचा)

लाल माती, तुम्ही म्हणताय ते इंग्लंडमध्ये आहे आणि आपल्याकडंही आहे. मी पुण्यात रेसकोर्सजवळ राहतो, म्हणून हात शिवशिवले.

आपल्या क्लासिक शर्यती इंग्लंडच्या साच्यातल्या. इंडियन २००० गिनीज डिसेंबरात मुंबईला महालक्ष्मीवर, १६०० मीटर. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तिथंच, २४०० मीटर. आणि इंडियन सेंट लेजर सप्टेंबरात आमच्या पुण्यात, २८०० मीटर. पाच आठवडे नाहीत, नऊ-दहा महिने! तेव्हा दम विसरा. पण कठीण कमी होतं का? उलट वेगळ्याच ठिकाणी जातं. १६०० मीटरला हवा वेग, २८०० ला हवा टिकाव. शंभर मीटरवाल्याला सांगायचं की बाबा आता पाच हजारही तूच जिंक. शिवाय डर्बी मुंबईच्या कोरड्या हिवाळ्यात आणि लेजर पुण्याच्या पावसाळ्यात, तिथं हिरवळीचा चिखल झालेला असतो. फेब्रुवारीत वाघ असलेला घोडा सप्टेंबरात तसाच राहील याची हमी कोण देणार?

एक गंमत. गिनीजला घोडा तीन वर्षांचा असतो आणि दोन महिन्यांनी डर्बीला चार वर्षांचा, कारण सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एक जानेवारीला धरतात. डॉक्टरांच्या हाडांच्या मुद्द्याला हे धरून आहे. अमेरिकेतलं पोर मे महिन्यात जी डर्बी पळतं ती आपल्याकडं जवळपास नऊ महिने मोठं झाल्यावर पळतात.

आणि इंग्लंडचा शेवटचा तिहेरी मुकुट कधीचा माहितीय? १९७०, निजिन्स्की. आजवर एकूण १५ जण, पहिला वेस्ट ऑस्ट्रेलियन, १८५३. १९७० नंतर कुणीही नाही. कारण जिंकता येत नाही हे नाही, प्रयत्नच कुणी करत नाही. निजिन्स्कीला लेजरआधी नायट्याचा त्रास झाला होता, तरी तो लेजर जिंकला, आणि पुढं पॅरिसला आर्क डी ट्रायम्फ या शर्यतीत डोक्याएवढ्या फरकानं हरला. लोकांनी बिल लेजरवर फाडलं. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या घोड्याला पैदाशीच्या बाजारात भाव नाही. २००९ ला सी द स्टार्सनं गिनीज आणि डर्बी मारली आणि लेजरकडं बघितलंसुद्धा नाही, पुढं आर्क मारला. २०१२ ला कॅमेलॉट गेला लेजरला मुकुटासाठी, पाऊण लांबीनं हरला. बस्स, एवढाच काय तो प्रयत्न.

म्हणजे अंतर वाढवलं तर सगळे तिन्ही पळतील, हा तुमचा भ्रम. अंतर वाढलं की मालकाला विचार करायला वेळ मिळतो, आणि विचार केला की तो पैशाचा करतो. पाच आठवड्यांच्या घाईत निदान डोकं फिरलेलं असतं, माणूस मुकुटाच्या मागं धावतो.

---

डॉ. खूर

शेवटचं वाक्य मला फार पटलं आणि पटलं याचं वाईटही वाटलं.

---

कसबा बावडा एक्स्प्रेस

जपानमध्ये कसं आहे? तिकडं घोडे म्हणजे सिनेनट असतात म्हणे.

---

पेठेतला पुणेकर (मूळचा शाहूपुरीचा)

त्यांचं एप्रिल ते ऑक्टोबर. २०००, २४००, ३००० मीटर. तिथं मात्र अजून जिंकतात. डीप इम्पॅक्ट २००५, ऑर्फेव्हर २०११, कॉन्ट्रेल २०२०. तिकडं लांब पल्ल्याच्या शर्यतीला अजून मान आहे, बक्षीसही भरघोस. मान आणि पैसा एका ठिकाणी असले की घोडे आपोआप येतात.

आणि घोड्यांच्या गप्पांत घोडी विसरू नका. आपली पहिली इंडियन डर्बी, १९४३, एका घोडीनंच जिंकली, प्रिन्सेस ब्युटिफुल. आणि २००९-१० च्या हंगामात जॅकलीननं दोन्ही गिनीज (१००० आणि २०००), ओक्स आणि डर्बी अशा चारही मारल्या. त्यांतल्या २००० गिनीज आणि डर्बीत तर नरांना हरवून. अमेरिकेत आजवर एकाही घोडीला मुकुट नाही.

---

रंकाळ्याची भेळ

हे आधी सांगितलं असतं तर मी इतकी चिडले नसते.

---

आजरा घनसाळ

वजनाचं कुणी बोललंच नाही. आमच्यात गाडी सगळ्यांना सारखी. तुमच्यात काय?

---

पागेवाला

चांगला प्रश्न, आणि न्याय-अन्यायाचा अर्धा गाभा तिथंच आहे. आपण पुण्याला रविवारी बघतो त्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमकुवताच्या पाठीवर कमी, म्हणजे सगळे एका रेषेत येतील अशी सोय. क्लासिकला हे नाही. अमेरिकन मुकुटाच्या तिन्ही शर्यतींत प्रत्येक नराच्या पाठीवर १२६ पौंड, सुमारे ५७ किलो, आणि घोडीला पाच पौंड सूट. राजाचा घोडा असो की आठ हजारांच्या घोडीचं शिंगरू.

औषधांचंही तसंच. फुप्फुसात रक्त उतरू नये म्हणून शर्यतीआधी लॅसिक्सचं इंजेक्शन देण्याची तिकडं सर्रास पद्धत होती, २०२१ पासून या तिन्ही शर्यतींत बंद. त्यामुळं मागचे दोन मुकुट, २०१५ चा फॅरोआ आणि २०१८ चा जस्टिफाय, आणि पुढचा जो कुणी येईल तो, यांची तुलना करताना पुन्हा भांडण होणार. होऊ दे.

आणि मुकुटाच्या शर्यतीसुद्धा दरवेळी त्याच राहतात असं नाही. २०२० ला कोरोनामुळं उलटीपालट. बेलमॉन्ट सगळ्यांत आधी, तीही नऊ फर्लांगांची, डर्बी सप्टेंबरात, प्रीकनेस ऑक्टोबरात, आणि तिन्ही तीन वेगळ्या घोड्यांनी नेल्या. प्रीकनेस तर घोडीनं, स्विस स्कायडायव्हरनं. २०२४ आणि २५ ला बेलमॉन्टचं मैदान बांधकामाला काढलेलं, म्हणून शर्यत साराटोगाला, बाराऐवजी दहा फर्लांग. म्हणजे जर्नलिझम आणि सॉव्हरेन्टी ज्या बेलमॉन्टला भिडले ती बेलमॉन्ट होती का, इथून सुरुवात करावी लागते. मी ज्याला मालिका नाही म्हणतो ते यासाठी.

---

लाल माती

पागेवाले, तुम्ही जिंकला नाहीत, पण मी थोडा हललो. 'ताज्याला बंदी' हा हट्ट सोडतो. मात्र जर्नलिझमसाठी काहीतरी पाहिजे. तिन्ही पळाला, पहिल्या दोनाच्या खाली एकदाही आला नाही, आणि इतिहासात त्याच्या नावापुढं एक शर्यत. आमच्याकडं पडून हरलेल्या पैलवानालासुद्धा लोक फेटा बांधतात, खेळ चांगला केला तर.

---

गण्या_गंगावेस

फेट्याचे कान कापावे लागतील घोड्यासाठी.

---

पेठेतला पुणेकर (मूळचा शाहूपुरीचा)

सप्टेंबरात सेंट लेजरला या सगळे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसायचं, पहाटे पुण्यात. चहा माझ्याकडं. छत्री आणा, आणि चपला नको, बूट घाला. दुपारपर्यंत पागेजवळ फिरवताना घोडे बघू. २८०० मीटर काय असतं ते लिहून कळत नाही, सुरुवात झाली की घोडे एकदा तुमच्या समोरून जातात आणि तुम्हाला वाटतं संपली, तेव्हा ती निम्मीसुद्धा झालेली नसते.

---

पागेवाला

मी नक्की. मेहुण्यालाही आणतो. लाल माती, तुमचं तिकीट मी काढतो, गण्या स्वतःचं काढेल.

---

आजरा घनसाळ

तारीख ठरली की इथं टाका. पण त्या रविवारी आमच्याकडं मैदान असलं तर जमायचं नाही. माझा बैल पहिल्यांदाच आदतमध्ये, म्हणजे पक्के दात न आलेल्यांच्या गटात, पळणार आहे.

---

डॉ. खूर

आजरा, गाडी जुंपायच्या आधी दात बघून घ्या. मागच्या हंगामात एका मैदानात आदत म्हणून उतरवलेला बैल दुसा, म्हणजे दोन दातांचा, निघाला होता. पंचांनी तोंड उघडून बघितलं तेव्हा मालक म्हणाला, कालपर्यंत नव्हते साहेब.

---

आजरा घनसाळ

तो माझा नव्हता डॉक्टर. भावकीतला होता.